मावशी कुणासमोर बसते?

१

ट्रक उलटला नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता!

सीमेवरची तपासणी चौकी ओलांडून तो जेमतेम पुढच्या वळणापर्यंत पोचला होता. समोरून मेंढ्यांचा कळप आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि कपबश्यांच्या खोक्यांनी खच्चून भरलेला ट्रक रस्त्यातच आडवा झाला. केवढा तो आवाज! चौकीतले शिपाई मदतीला धावले, तर ड्रायव्हर त्यांना बघून शेताशेतातून जो पळत सुटला तो दिसेनासाच झाला. मदतीला आलेल्या माणसांना बघून कुणी असं पळत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिपायांनी फुटक्या बश्या बाजूला सारल्या. खोक्यांना दुहेरी तळ होते आणि त्या तळांतून प्लॅस्टिकच्या पुड्या डोकावत होत्या.

पुड्यांत ‘पांढरी’ होती.

पांढरी म्हणजे काय, हे त्या भागात आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालं होतं. पूर्वी डोंगरातून गांजा यायचा, अफू यायची. त्याला जमीन लागायची, पाऊस लागायचा आणि हिरवंगार शेत लपवता लपवता नाकी नऊ यायचे. मग धंद्याची तऱ्हाच बदलली. साबण आणि रंग बनवायला म्हणून पिंपांतून रसायनं मागवायची, एखाद्या बंद पडलेल्या शेडमध्ये भट्टी लावायची, की पांढरी तयार. ना पावसाची वाट, ना पिकाची राखण! एका देशात बनवायची, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाठवायची, आणि मधल्या गावांतली तरणी पोरं वाटेतच तिच्या नादी लागून वाया जायची.

ती अडवायला चौकीवर मावशी होती. मावशी म्हणजे तपासणीची कुत्री. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत नाक खुपसते म्हणून शिपायांनी तिला हे नाव ठेवलं होतं. माल सापडला की तिने भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही. त्याच्यासमोर मुकाट खाली बसायचं आणि बघत राहायचं, अशी तिची शिकवण. तिला सांभाळणारे हँडलर पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांचे काका. काका आणि मावशी अशी ती जोडी चौकीत वर्षानुवर्षं काम करत होती.

आणि तो कपबश्यांचा ट्रक मावशीने सगळीकडून हुंगून, शेपूट हलवत सोडून दिला होता!

मालाने भरलेला ट्रक कुत्रीला कळला नाही, हे कुणाच्या गळी उतरेना. म्हणजे काकांनी तिला इशारा केला असणार, ते त्या टोळीला सामील असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काकांना चौकीतल्याच कोठडीत बसवलं. संध्याकाळी मुख्यालयाची गाडी येणार आणि त्यांना तुरुंगात नेणार होती. मावशीची रवानगी कुठे होणार, हेच काका ज्याला त्याला विचारत होते.

गाडीच्या आधी सकाळीच मुख्यालयातून एक बाई येऊन थडकल्या. त्या येण्याने काय काय उलटंपालटं होणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

२

त्या बाई तपास अधिकारी होत्या, पण त्याआधी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळं खातं त्यांना मास्तरीणबाई म्हणे. तोंडावर म्हणत, त्यांना ते आवडेही. वर्गात कॉपी पकडताना जी मजा यायची तीच मजा त्यांना तपासात यायची, आणि ती लपवणं त्यांना कधी जमलं नाही. गुंता दिसला की त्यांचे डोळे चमकत, पाय एका जागी ठरत नसत आणि जेवणाचं भान राहत नसे.

चौकीचे अधीक्षक, म्हणजे साहेब, टेबलामागे बसून अक्रोड खात होते. अडकित्ता नाही की हातोडी नाही. अक्रोड दाढेखाली धरायचा आणि कडाड्! साठीला टेकलेल्या त्या गृहस्थांना आपल्या दातांचा कोण अभिमान होता.

“एकही किडलेला नाही,” ते म्हणाले. “घ्या ना तुम्ही.”

“मला तुमच्या दातांपेक्षा कुत्रीच्या नाकाबद्दल सांगा,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“त्यात काय सांगायचं? नाक ठीक, माणूस बेइमान. तीन महिन्यांपूर्वी मुख्यालयातून पांढरीचा नमुना आला. त्यावर मावशीला शिकवलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कुठेही लपवा, जाऊन समोर बसायची. परीक्षेत तर पहिली आली. आणि त्यानंतर आजतागायत पांढरीची एक पुडी पकडली नाही तिनं! याचा अर्थ काय?”

“नाक ठीक नसेलही, साहेब,” दारातून आवाज आला.

आत आले ते चौकीचे पशुवैद्य. ऐन तिशीतले, देखणे, आणि हसू तर असं की टूथपेस्टवाल्यांनी जाहिरातीला घेऊन जावं. त्यांच्या मागोमाग मावशीही आली. काका कोठडीत गेल्यापासून ती मोकळीच हिंडत होती. तिने साहेबांच्या टेबलाला एक फेरी घातली, मास्तरीणबाईंच्या पर्सची झडती घेतली आणि मग डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन बसली. मान वर, डोळे त्यांच्या चेहऱ्यावर.

“बघा, किती शहाणी,” साहेब कौतुकाने म्हणाले. “बाकीची कुत्री डॉक्टरांना बघून खाटेखाली पळतात. ही सुई टोचून घ्यायला आपणहून समोर बसते.”

डॉक्टरांनी खिशातून बिस्कीट काढून तिला दिलं. “वय झालंय तिचं. नाक मंदावलंय. मी तसा अहवाल लिहिलाय. काकांना उगाच त्रास नको, बाई. ते तसे नाहीत.”

साहेबांनी त्यांच्यापुढेही अक्रोड सरकवला. डॉक्टरांनी हात जोडले. “नको, सकाळपासून पोट बरं नाही.”

मास्तरीणबाईंना हा तरुण आवडला. आरोपीची बाजू घेणारा तो पहिलाच माणूस होता. पण बाहेर पडताना त्यांनी फाटकावरच्या शिपायाला सहज विचारलं, “मावशीनं शेवटचा माल कधी पकडला?”

“मागच्याच आठवड्यात की! जीपच्या जादा टायरमध्ये गांजा. टायरला आतून डांबर फासलं होतं, वर कांद्याची पोती. तरी बसली!”

मास्तरीणबाई थबकल्या. डांबर आणि कांद्याच्या आडचा गांजा जिला कळतो, तिचं नाक मंदावलेलं कसं असेल? बरं, काका टोळीला सामील असतील तर त्यांनी गांजा तरी कशाला पकडून दिला? जुना माल बरोब्बर कळतो आणि नवा मुळीच कळत नाही. म्हणजे ना नाक बिघडलं होतं, ना इमान. बिघडली होती ती शिकवण!

“अरे वा!” त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या आणि जवळजवळ धावतच स्टोअरकडे निघाल्या.

३

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे स्टोअरबाई म्हणत. बोलायला फटकळ आणि कामात चोख.

“ती नमुन्याची डबी?” त्या म्हणाल्या. “ती आता कुठली मिळायला! शिकवणी संपली की नमुना सगळ्यांदेखत जाळायचा असा नियम आहे. चौकीत माल ठेवून घेत नाहीत. मीच काडी लावली.”

मास्तरीणबाईंचा चेहरा पडला. डबी मिळाली असती तर आत काय होतं ते प्रयोगशाळेने चुटकीसरशी सांगितलं असतं. आता राख मागून उपयोग नव्हता, तीही कधीच उडून गेलेली.

“डबी कशी होती?”

“चपटी, झाकणाला भोकं असलेली. आत कापडी पुरचुंडी, त्यात पावडर. भोकांतून वास येतो, तो कुत्रीला द्यायचा. पुरचुंडी कुणी सोडायची नाही.”

“कुणाकुणाच्या हातात गेली?”

“साहेबांनी पार्सल घेतलं. मी कपाटात ठेवली. काका ती लपवायचे आणि मावशी शोधायची. डॉक्टर डबीचं वजन करायचे, काटा हलू नये म्हणून दार लावून, शिकवणीच्या आधी आणि नंतर. कुत्रीनं चाटून पोटात घातली तर मरेल ना ती! बाहेरचं माणूस कुणी नाही.”

चौघं! मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात चौघांना बाकावर ओळीने बसवलं. या चौघांपैकी कुणीतरी पहिल्याच दिवशी पुरचुंडीतली पांढरी काढून घेतली होती आणि तितक्याच वजनाची दुसरी कुठलीतरी पावडर भरून ठेवली होती. बिचारी मावशी जीव लावून शिकली, पहिली आली, पण चुकीच्याच विषयात!

“पण बाई,” स्टोअरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. कारण मावशी एकदा माझ्या पिशवीसमोरही बसली होती. सगळ्या चौकीसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी उलटी केली, आत काही म्हणजे काही निघालं नाही.”

“तुमच्या पिशवीसमोर? बसली?”

“बसली. आणि उठेना!”

डबी जळाली होती, पण डबीत काय होतं ते सांगणारा साक्षीदार जिवंत होता. चार पायांवर चौकीभर हिंडत होता!

४

कोठडीत काका भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, समोरचे दोन दात कधीचेच पडलेले, आणि तिथली फट त्यांनी तशीच ठेवलेली. मास्तरीणबाईंना बघून ते उठले.

“मावशीनं काही खाल्लं का?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“डॉक्टरांनी बिस्कीट दिलं. काका, मला एकच सांगा. तिला नवीन शिकवल्यापासून ती कुणाकुणासमोर उगाचच बसली?”

काका कसनुसं हसले. “माझी लाज काढायला आलात का? सगळी चौकी हसते त्यावरून. एक आजीबाई होत्या, नातवाकडे निघालेल्या. बसली त्यांच्या हातपिशवीसमोर. झडती घेतली. औषधं, लोकरीचे मोजे, देवाचा फोटो. मग एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी मला उभ्या उभ्या कलमं ऐकवली! मग गाणं शिकवणारे एक बुजुर्ग गृहस्थ. शिपाई म्हणायला लागले, मावशी म्हाताऱ्या माणसांना मान देते.”

“सगळे वयस्कर,” मास्तरीणबाई पुटपुटल्या. दुखऱ्या गुडघ्यांचा मलम? कुठलं औषध? “आणि स्टोअरबाईंची पिशवी?”

“ती मागच्या महिन्यात.”

“त्या तर चाळिशीच्या आत आहेत. आणखी कुणी तरुण?”

“एक होता. मुष्टियोद्धा. असा आडदांड! मावशी त्याच्या बॅगेसमोर बसली आणि तो भडकला. बॅग उपडी केली, बूट काढले, खिसे उलटे केले. तरी मी म्हटलं, कुत्री उठत नाही, काहीतरी असणार. तर त्यानं तोंडात बोटं घातली, समोरचे सगळे दात काढले आणि टेबलावर आपटले! म्हणाला, हेही तपास! सामन्यात पडले होते हो त्याचे. कवळी होती.”

मास्तरीणबाई खो खो हसल्या. काकाही हसले, तेवढ्यापुरतं कोठडी विसरून.

आणि मग मास्तरीणबाईंचं हसू मध्येच थांबलं.

आजीबाई. न्यायाधीश. गाण्याचे गुरुजी. मुष्टियोद्धा. वयाचा काही संबंध नव्हता!

“काका,” त्या गज धरून म्हणाल्या, “मावशी दात घासायच्या पेस्टसमोर बसते?”

“छे! मग प्रत्येक बॅगेसमोर बसावं लागेल तिला.”

“आणि कवळी हिरडीला चिकटून राहावी म्हणून लावायची पावडर असते, तिच्यासमोर?”

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

५

“माझ्या सासूबाईंची कवळी?” स्टोअरबाई चकित झाल्या. “हो, आहे की. त्या दिवशी त्यांची पावडरच आणली होती मी, पिशवीत होती. पण तिच्याकडे कोण बघतंय? पांढरी पावडर म्हणून उघडून पाहिली, वास घेतला, औषधाच्या दुकानाचं लेबल होतं, परत ठेवली.”

स्टोअरबाईंचं घर चौकीच्या मागेच होतं. पावडरचा डबा आला. मास्तरीणबाईंनी अंगणात पाच सारख्या बादल्या पालथ्या घातल्या. एकीखाली मीठ, एकीखाली मैदा, एकीखाली अंगाला लावायची पावडर, एकीखाली दात घासायची पेस्ट आणि एकीखाली सासूबाईंची पावडर. साहेब, स्टोअरबाई, डॉक्टर, शिपाई, सगळे भिंतीला लागून उभे राहिले. काकांना तेवढ्यापुरतं बाहेर आणलं, पण कुठल्या बादलीखाली काय आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी पाठ करून उभं राहायचं होतं.

“शोध!” काका भिंतीकडे बघत म्हणाले.

मावशीने मीठ हुंगलं आणि पुढे गेली. मैदा, नाही. पेस्टच्या बादलीला तर तिने नाकही नीट लावलं नाही. चौथ्या बादलीजवळ तिची शेपूट ताठ झाली, तिने एक गोल चक्कर मारली आणि ती खाली बसली. मान वर करून ती काकांच्या पाठीकडे बघत राहिली. तिने काम केलं होतं आणि आता तिला शाबासकी हवी होती.

मास्तरीणबाईंनी बादली उचलली. सासूबाईंचा डबा!

शिपायांनी टाळ्याच वाजवल्या. काका वळले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तीन महिने कुत्री खरं सांगत होती, आणि तीन महिने ते तिच्या वतीने लोकांची माफी मागत होते.

“म्हणजे तुम्ही!” साहेब स्टोअरबाईंवर गरजले. “कपाटात डबी तुमच्याकडे, पावडर तुमच्या घरात!”

स्टोअरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शिपाई पुढे सरकले.

“थांबा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “स्टोअरबाई, सासूबाईंना कवळी कधी बसवली?”

“मागच्या महिन्यात. हवं तर त्यांनाच विचारा. दात काढले तेव्हा सगळ्या आळीला ऐकू गेलं होतं.”

फोन लावला. पलीकडून सासूबाई इतक्या मोठ्याने बोलल्या की सगळ्या अंगणाला ऐकू आलं. कवळी मागच्याच महिन्यात बसवली, अजून टोचते, दंतवैद्य लुच्चा आहे, सून मात्र गुणी आहे. शिवाय ती कुत्री माझी पावडर परत कधी देणार?

“डबीत पावडर भरली गेली तीन महिन्यांपूर्वी,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तेव्हा या घरात कवळीच नव्हती.”

मग राहिलं कोण? काकांच्या तोंडात फट होती, कवळी नव्हती. साहेब तर दाढेखाली अक्रोड फोडत. आणि डॉक्टर? तिशीतला माणूस, मोत्यासारखे दात! चौघांपैकी कुणाकडेच ही पावडर असण्याचं कारण नव्हतं. मास्तरीणबाई अंगणात येरझाऱ्या घालू लागल्या. हातातोंडाशी आलेला घास निसटत होता, आणि उन्हं उतरायला लागली होती.

लांब रस्त्यावर मुख्यालयाची गाडी दिसली.

६

“चहा घ्या, बाई,” साहेब नरमाईने म्हणाले. “तुम्ही प्रयत्न केलात.”

चहा आला, बिस्किटं आली. मास्तरीणबाईंनी एक उचललं. चांगलंच कडक होतं, कडकन मोडलं. साहेबांचं मोडलं. स्टोअरबाईंचंही मोडलं. डॉक्टर मात्र आपलं बिस्कीट चहात बुडवून धरून होते, ते पार लगदा होईपर्यंत.

तेवढ्यात मावशी उठली. तिने अंग झटकलं, सगळ्यांच्या मधून वाट काढली आणि डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन बसली. मान वर. डोळे त्यांच्या तोंडावर.

“शहाणी गं ती,” साहेब सवयीने म्हणाले.

आणि मास्तरीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला. सकाळी त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं! सगळ्यांनी रोज पाहिलं होतं. कुत्री डॉक्टरसमोर बसली की ती सुईसाठी बसली, असंच चौकीने धरून चाललं होतं. तिला कुणी बस म्हटलं होतं का?

“काका,” त्यांनी हळूच विचारलं, “डॉक्टरांसमोर बसायला तिला तुम्ही शिकवलंत?”

“नाही बुवा. आपणहूनच बसते.”

“पहिल्यापासून?”

काका विचारात पडले. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. “नाही. आधी पळायची. चांगली खाटेखाली पळायची! तो नवीन नमुना शिकवला आणि त्यानंतर…”

डॉक्टर हसले. तेच झकास हसू. “मी बिस्किटं देतो, बाई. म्हणून बसते.”

“बिस्किटं आत्ता सगळ्यांच्याच हातात आहेत. बाकी कुणासमोर ती बसली नाही.” मास्तरीणबाई आता उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा आवाज वर्गात पोचावा तसा खणखणीत झाला होता. “मला हेच उमगत नव्हतं, की फसवायचंच होतं तर माणसानं डबीत मीठ का भरलं नाही? मैदा का नाही? ज्याला ठरवून फसवायचं असतं तो स्वयंपाकघरातून काहीतरी घेऊन येतो. कवळीची पावडर कोण भरेल? ज्याला पुरचुंडी उघडल्यावर पांढरी बघून राहवलं नाही तो. दार लावून एकटाच वजन करत असताना त्यानं ती काढून घेतली, मग वजन कमी भरेल म्हणून घाबरला, आणि खिशात जे होतं ते भरलं. वजनाचा काटा समोरच होता. रोज ही पावडर खिशात ठेवावी लागणारा माणूस, आणि एकांतात डबी हाताळायची मुभा असलेला माणूस. मावशीचं नाक मंदावलं असा खोटा अहवाल लिहिणाराही तोच. काकांसाठी नाही लिहिला तो. नमुन्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून लिहिला. डॉक्टर, दात कधी गेले तुमचे?”



डॉक्टरांचं हसू गेलं, आणि ते गेल्यावर तो चेहरा एकदम कोवळा आणि दमलेला दिसला.

“कॉलेजात असतानाच,” ते खाली बघून म्हणाले. “पांढरी दात खाते, बाई. हिरड्या सुकतात, एकेक गळून पडतो. पंचविशीत सगळे गेले. आईला अजून माहीत नाही. मग सोडली होती मी. खरंच सोडली होती. इथं आलो, काम आवडत होतं. आणि एक दिवस साहेबांनी ती डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, वजन करून आण.”

“आणि टोळीला कुणी सांगितलं?”

“नमुना संपला. मग विकणाऱ्याकडे जावंच लागलं. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी म्हटलं, आमच्या कुत्रीला पांढरी कळत नाही.” त्यांचे हात थरथरायला लागले होते. “तेव्हापासून ते मला फुकट देतात.”

“बनते कुठे?”

त्यांनी डोळे मिटले. मास्तरीणबाई त्यांच्या अगदी जवळ गेल्या.

“डॉक्टर, तो ट्रक उलटला म्हणून सापडला. न उलटलेल्या ट्रकांतून गेलेली पांढरी आज कुणाच्या तरी पोराचे दात खातेय. बनते कुठे?”

“नदीपलीकडे. बर्फाचा बंद कारखाना आहे ना, तिथं. पिंपं मागच्या दारानं येतात.”

मास्तरीणबाईंनी फोन उचलला तेव्हा त्यांना आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. मुख्यालयाला दोनदा पत्ता सांगावा लागला, इतक्या भरभर त्या बोलत होत्या. नदीच्या दोन्ही काठांवरून पथकं निघाल्याचं कळलं आणि चौकीत एकच जल्लोष झाला. साहेबांनी स्वतःच्या हाताने काकांच्या कोठडीचं कुलूप काढून दूर भिरकावलं. स्टोअरबाई रडत होत्या आणि रडता रडता सगळ्यांना पुन्हा चहा ओतत होत्या.

मुख्यालयाची गाडी फाटकात येऊन थांबली. बरोबरच्या हवालदाराने आरोपी कोण म्हणून विचारलं आणि शिपायांनी काकांऐवजी डॉक्टरांना पुढे केलं तेव्हा तो चक्रावलाच.

काका डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले.

“मला तुरुंगात धाडत होतास,” ते म्हणाले. “ते जाऊ दे. पण तिला म्हातारी ठरवलंस. तिचं नाक गेलं म्हणून लिहिलंस! तीन महिने मी तिला रागावलो रे. एकदा हातही उगारला.”

“मारा मला, काका.”

काकांनी हात उचलला. डॉक्टर हलले नाहीत. पण ते जोरजोराने थरथरत होते, कपाळावर घाम फुटला होता, आणि दातांवर दात वाजत होते. ती भीती नव्हती. दिवसभरात त्यांना पांढरी मिळाली नव्हती.

“नाटकं पुरेत, चढ वर,” हवालदार म्हणाला.

डॉक्टरांनी पायरीवर पाय ठेवला आणि ते गुडघ्यावर कोसळले. हवालदाराने कॉलर धरून ओढलं. काका बघत राहिले. त्यांचा उगारलेला हात कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नसावं.

“असं ओढू नका त्याला,” ते म्हणाले. “मुख्यालय लांब आहे. वाटेत त्याला उलट्या होतील, झटके येतील. कुणीतरी धरायला लागेल.” मग ते मास्तरीणबाईंकडे वळले आणि मावशीचा पट्टा त्यांच्या हातात दिला. “उद्या परत येतो. तोवर हिला सांभाळा. जेवण अर्धंच घाला. तुम्ही काही दिलंच नाही असा चेहरा करेल, पण भुलू नका.”

“काका, तुम्ही सुटलात,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला या गाडीत बसायची काही गरज नाही.”

“माहीत आहे,” काका म्हणाले. दिवसभर जिची धास्ती घेतली होती त्या गाडीत ते आपणहून चढले, डॉक्टरांना काखेत हात घालून वर घेतलं, आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून हवालदाराला म्हणाले, “चला आता. पण खड्डे बघून हळू चालवायला सांगा.”